‘किरकोळ काम आहे’ असे सांगितलेली जुनी क्रूझर घ्यावी की नाही : पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात ‘गाडी एकदम मस्त आहे, फक्त किरकोळ काम आहे’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की नवखा माणूस ते गाडीच्या वर्णनाचाच भाग समजून सोडून देतो. व्यवहार खरा त्याच वाक्यावर ठरतो. काम किरकोळ आहे हे विकणाऱ्याचे मत असते, आणि ते किरकोळ आहे की नाही हे पैसे देण्याआधी स्वतः तपासून ठरवणे हे घेणाऱ्याचे काम असते. गाडीतले बिघाड मी तीन प्रकारांत मोडतो. पहिला झिजेचा, म्हणजे टायर, चेन, ब्रेक शू यांसारखे जे भाग वापराने संपतातच. दुसरा हयगयीचा, म्हणजे वेळेवर ऑइल न बदलल्याने किंवा गाडी महिनोन्‌महिने पावसात उभी ठेवल्याने झालेला. तिसरा माराचा, म्हणजे गाडी कुठेतरी जोरात आदळल्याचा. झिजेच्या कामांची यादी कितीही लांब असली तरी भिण्याचे कारण नाही, कारण त्यांचा खर्च आधी काढता येतो. हयगयीच्या बाबतीत सावध राहावे. मार लागलेली गाडी मात्र नवख्याने कोणत्याही किमतीला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा लेख मी बजाज ॲव्हेंजर २२० डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, कारण आपल्याकडे कमी पैशांत मिळणारी जुनी क्रूझर म्हटली की बहुतेकांची पहिली नजर याच गाडीकडे जाते आणि मला हीच गाडी जवळून माहीत आहे. २००१ मध्ये आलेल्या १७५ सीसीच्या कावासाकी-बजाज एलिमिनेटरच्या घाटणीवर २००५ मध्ये १८० सीसीची पहिली ॲव्हेंजर निघाली, पुढे २०० सीसीची आली आणि २०१० मध्ये २२० सीसीची. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिचे क्रूझ आणि स्ट्रीट असे दोन अवतार झाले आणि २०२० मध्ये प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांमुळे कार्बोरेटर जाऊन इंधनाचे इंजेक्शन आले. सध्या ‘किरकोळ काम’ असलेल्या ज्या गाड्या विक्रीला दिसतात, त्यांतल्या पुष्कळ या मधल्या काळातल्या, कार्बोरेटरच्या आहेत. इंजिन पल्सर २२० च्या घराण्यातले असल्याने सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि गल्लीतल्या मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो, ही या गाडीची मोठी जमेची बाजू आहे.

आधी गाडी आपल्याला बसते का ते पाहा

क्रूझरची बैठक इतर मोटारसायकलींसारखी नसते. पाय पुढे, हात वर आणि सीट जमिनीपासून जेमतेम पाऊण मीटर उंच, त्यामुळे कमी उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात आणि मोकळ्या रस्त्यावर तासन्‌तास थकवा येत नाही. पण पाय पुढे असल्याने खड्ड्याचा दणका पायांवर घेता येत नाही, तो सरळ माकडहाडावर बसतो. ज्यांना कंबरेचा त्रास आहे त्यांनी आधी कुणाची तरी गाडी मागून दोन तास चालवून पाहावी. दोन चाकांमधले अंतर सुमारे दीड मीटर असल्याने अरुंद बोळात गाडी वळवताना दोनदा मागेपुढे करावे लागते, याचाही रोज बाजारपेठेतून जाणाऱ्याने विचार करावा. हे सगळे जमत असेल तरच पुढच्या पायऱ्या.

कागद घरी बसून तपासावेत

गाडी पाहायला जाण्यापूर्वी विकणाऱ्याकडून नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. जो क्रमांक द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या एमपरिवहन ॲपवर तो क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, नोंदणी कुठवर वैध आहे, विमा व पीयूसी कधी संपतात, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे दिसते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, पण अक्षरे जुळतात की नाही एवढे कळते. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर थकलेला दंडही पाहून घ्यावा, कारण तो गाडीच्या क्रमांकावर चढलेला असतो आणि गाडी आपल्या नावावर करताना आपल्यासमोर येऊन उभा राहतो.

यातली तारीख सर्वांत महत्त्वाची. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते, त्यानंतर गाडीची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणजे २०१० ची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्या किमतीत हा खर्च आणि आरटीओच्या खेपा धरायला हव्यात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावणे राज्यात बंधनकारक आहे. दुचाकीसाठी तिचे शुल्क जीएसटीसह ५३१ रुपये ठरवलेले आहे. रक्कम छोटी आहे, पण प्लेट लावलेली नसेल तर ते मालकाच्या एकूण वृत्तीचेही लक्षण असू शकते.

बोजा दिसत असेल, तर ‘कर्ज केव्हाच फिटले आहे’ या तोंडी आश्वासनावर थांबू नये. कर्ज फिटलेले असले तरी बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन बोजा उतरवलेला नसतो, अशा गाड्या पुष्कळ आहेत. तो उतरवण्याचे काम विकणाऱ्याने करावे आणि मगच व्यवहार व्हावा. मालक हयात नसेल, तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. परस्पर सही करून दिलेल्या कागदांवर अशी गाडी घेऊ नये. गोवा किंवा कर्नाटक पासिंगच्या गाड्या स्वस्त वाटतात, परंतु त्या महाराष्ट्रात कायम वापरायच्या तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, इथला कर आणि नवा क्रमांक हे सगळे करावे लागते. पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याने शक्यतो आपल्याच जिल्ह्यातले पासिंग शोधावे.

सकाळी जावे आणि इंजिन थंड असताना पाहावे

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगावे की मी सकाळी येतो आणि मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट लागले, तर गाडी थंडीत सुरू व्हायला कुरकुर करते म्हणून ती आधीच चालू करून ठेवली असण्याची शक्यता धरावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. अशा वेळी भिडस्तपणा आड येऊ देऊ नये.

या गाडीला किक नाही. सेल्फ लागला नाही तर सुमारे १५५ किलोची गाडी ढकलण्याशिवाय दुसरा मार्ग राहत नाही, म्हणून बॅटरी आणि चार्जिंग हा भाग मी इतर कोणत्याही भागापेक्षा बारकाईने पाहतो. त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्या पहिल्या जुन्या गाडीच्या वेळी विकणाऱ्याने ‘फक्त बॅटरी उतरली आहे, दीड हजाराचे काम’ असे सांगितले होते आणि मी ते मान्य करून नवी बॅटरी टाकली. चौथ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून निघताना सेल्फचे बटण दाबले, तर फक्त टक्‌ असा आवाज आला आणि मीटरचे दिवे मंद झाले. बॅटरी बिचारी निर्दोष होती, चार्जिंगची कॉइल जळालेली असल्याने तिला काही मिळतच नव्हते, आणि जुनी बॅटरीही त्याच कारणाने गेली होती. दीड हजाराचे काम साडेपाच हजारांवर गेले. एक बिघाड दुसऱ्या बिघाडाचे नुसते लक्षण असू शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो आणि तेव्हापासून मल्टिमीटर बरोबर नेतो.

साधा मल्टिमीटर चारपाचशे रुपयांत मिळतो. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीच्या टोकांवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. इंजिन सुरू करून थोडा ॲक्सिलरेटर दिला की तो पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान चढायला हवा. तेरावरच अडला तर चार्जिंग कमी आहे, पंधराच्या वर गेला तर चार्जिंग मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो नवी बॅटरीही उकळवून टाकेल. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ‘फक्त बॅटरी’ या शब्दांतला खरेपणा तिने लगेच कळतो.

इंजिन सुरू झाल्यावर सायलेन्सरच्या मागे उभे राहावे. थंडीत पहिल्या मिनिटाला दिसणारी पांढरी वाफ चिंतेची नाही. निळसर धूर येत असेल आणि त्याला जळक्या ऑइलचा वास असेल, तर पिस्टन-रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल जळते आहे, आणि हे काम इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, उघडल्याशिवाय होत नाही. काळा धूर बहुधा कार्बोरेटरच्या ट्यूनिंगचा किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा असतो, तो खरोखर किरकोळ आहे. मग कान इंजिनाच्या बाजूला न्यावा. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटची बारीक, एकसारखी टिकटिक नैसर्गिक आहे आणि ती वाढली तर जुळवता येते. इंजिनाच्या आतल्या टायमिंग चेनचा खरखरीत आवाज, जो ॲक्सिलरेटर सोडताना जास्त ऐकू येतो, त्याचा खर्च हिशेबात धरावा. इंजिनाच्या पोटातून येणारी जड ठोक ऐकू आली तर पुढे पाहू नये.

ॲव्हेंजरच्या इंजिनाला दोन स्पार्क प्लग आहेत. त्यातला एक बंद पडला तरी इंजिन चालू राहते, फक्त पिकअप मंदावतो, मायलेज पडते आणि चढावर गाडी मिस मारते. मालकाला याचा पत्ताही नसतो आणि ‘पिकअप थोडा कमी झालाय’ एवढेच तो सांगतो. एका प्लगच्या किमतीत सुटणारा हा दोष कळला तर सौद्यात मोठा उपयोग होतो. प्लग बाहेर काढून त्यांचा रंगही पाहावा. विटकरी-तपकिरी रंग निरोगी इंजिनाचा, ओलसर काळा थर ऑइल जळत असल्याचा. ऑइल कूलर इंजिनाच्या पुढच्या बाजूस असतो. त्याच्या जाळीत चिखल किती बसला आहे आणि नळ्यांच्या जोडांवर ओल आहे का, हे बोटाने चाचपावे. धूळ आणि ऑइल मिळून झालेला काळा चिकट लेप जुन्या गळतीचा असतो. गाडी नुकतीच धुऊन चकचकीत करून ठेवली असेल, तर दहा-पंधरा किलोमीटर चालवून झाल्यावर हीच जागा पुन्हा चाचपावी.

मार लागला आहे का, हे ओळखण्याच्या खुणा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. क्रूझरचा पुढचा फोर्क लांब आणि तिरका असतो, त्यामुळे समोरून बसलेला मार तो लपवू शकत नाही. गाडी मुख्य स्टँडवर किंवा दोघांनी धरून सरळ उभी करावी, चार पावले बाजूला जाऊन खाली बसावे आणि फोर्कचे दोन्ही पाइप एका रेषेत, एकमेकांना समांतर दिसतात का ते पाहावे. एक जरी किंचित पुढे-मागे वाटला, तर पाइप वाकला आहे किंवा हँडलची टी, म्हणजे दोन्ही पाइप धरणारी पकड, पिळली आहे. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, मानेजवळ जो लोखंडी अडथळा हँडलला थांबवतो तो टॉर्चच्या उजेडात पाहावा. जोरात आदळलेल्या गाडीत तो चेपलेला, वाकलेला किंवा नव्याने वेल्डिंग केलेला असतो, आणि पेट्रोलच्या टाकीवर त्याच रेषेत हँडल आपटल्याचा पोचा असू शकतो. टाकी रंगवून पोचा झाकता येतो, मानेजवळची ही जागा मात्र कुणी रंगवायच्या भानगडीत पडत नाही.

चासी नंबरही मानेजवळच असतो. बजाजच्या गाड्यांचा चासी नंबर ‘एमडी२’ या अक्षरांनी सुरू होतो. पूर्ण नंबर आरसी बुकाशी एकेक अक्षर ताडून पाहावा, आणि इंजिन नंबरही. खोडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा घासलेला नंबर दिसला तर तिथूनच परत फिरावे.

दोन चाके एका रेषेत आहेत का, हे तपासायला एक दोरी पुरते. मागच्या टायरच्या मागून दोरी घेऊन ती दोन्ही बाजूंनी पुढे ताणली, की पुढचे चाक सरळ असताना दोन्ही बाजूंना दोरी आणि पुढचा टायर यांतले अंतर सारखे यायला हवे. मागचा टायर १३० मिलिमीटरचा आणि पुढचा ९० मिलिमीटरचा असल्याने अंतर राहणारच, ते दोन्हीकडे सारखे हवे एवढेच. फरक आला तर आधी चेन ताणण्याच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहावे, कारण कधी कधी चाक नुसते तिरके बसवलेले असते. खुणा सारख्या असूनही फरक उरला, तर चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा भाग, किंवा चासी वाकलेली आहे.

फूटरेस्टच्या टोकावरचे किंवा क्लच लिव्हरच्या टोकावरचे खरचटे पाहून घाबरू नये. उभ्या जागी पडलेल्या गाडीलाही ते येतात.

झीज : इथे यादी करावी, घाबरू नये

मागच्या टायरचे माप १३०/९०-१५ आहे. हे माप प्रत्येक दुकानात तयार नसते आणि नेहमीच्या मापांपेक्षा महागही असते, म्हणून सगळ्यात आधी तो पाहावा. टायरच्या कडेवर लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१७’ याचा अर्थ २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी खोल दिसत असली तरी इतक्या जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते आणि पहिल्या पावसात ते रस्ता धरत नाही. असा टायर मी संपलेलाच धरतो, विकणारा काहीही म्हणो.

क्रूझला तारांची चाके आहेत आणि आत ट्यूब आहे. मागचे चाक पंक्चर झाले तर ते पूर्ण काढावे लागते. प्रत्येक तारेवर छोट्या पान्याने हलकेच टिचकी मारत जावे. ताणलेल्या तारेचा आवाज टणक आणि लांबणारा येतो, सैल तारेचा बद्द येतो. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीच्या तारा मुळाशी, जिथे त्या रिमला भेटतात तिथे, गंजलेल्या असतात. क्रोमवर वरवर दिसणारे गंजाचे ठिपके पुसता येतात, पण सायलेन्सरच्या पोटाखाली बोटाने दाबल्यावर पत्रा दबला, तर सायलेन्सर बदलावा लागेल. टाकीचे झाकण उघडून आत टॉर्च मारावा. तळाशी तांबूस पापुद्रे दिसले तर ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचलेले आहेत. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हा त्रास लवकर होतो.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला धरून ओढावी. ती दातांवरून अर्धी उचलली गेली किंवा दात एका बाजूला आकडीसारखे झुकलेले दिसले, तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच बदलावा लागतो. नुसती चेन बदलून चालत नाही. पुढचा ब्रेक धरून हँडलवर भार देऊन गाडी दोनतीनदा खाली दाबावी. फोर्कच्या चकचकीत पाइपवर ऑइलचे कडे उमटले तर ऑइल सील गेले आहे. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर आल्यावर ते खोबणीत बसल्यासारखे अडले, तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतले बेअरिंग, संपला आहे. ही सगळी कामे कोणताही बरा मेकॅनिक एका दिवसात करतो.

किलोमीटरच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. वीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत, स्विचवरची चिन्हे पुसट आणि सीटचे कव्हर दुसरे, असे असेल तर गाडी खरे सांगते आहे, मीटर नाही.

चालवून पाहताना

बसण्याआधी गाडीचा विमा चालू आहे याची खात्री करावी, आपला परवाना बरोबर असावा आणि हेल्मेट घालावे. सौदा पक्का होईपर्यंत काही झाले तरी त्रास दोन्ही बाजूंना होतो. निदान दहा किलोमीटर, आणि त्यात एखादा चढ व थोडा खडबडीत रस्ता येईल असा मार्ग निवडावा.

सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये सावकाश जाताना एकदम ॲक्सिलरेटर द्यावा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने पुढे सरकली नाही, तर क्लच प्लेट घसरतात. या गाडीला आरपीएमचा काटा नसल्याने हे कानानेच ओळखावे लागते. रस्ता रिकामा असताना, वेग कमी ठेवून, हँडलवरची पकड थोडी सैल करावी, हात सोडू नयेत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर वर सांगितलेली दोरीची तपासणी पुन्हा करावी. ब्रेक मारताना पुढची डिस्क हाताला थरथर देते का, वरचे गिअर टाकताना दोन गिअरांच्या मध्ये चुकून न्यूट्रल लागतो का, हे पाहावे. परत आल्यावर गाडी दोन मिनिटे बंद ठेवून पुन्हा सेल्फ मारावा, कारण काही गाड्या थंड असताना नीट लागतात आणि तापल्यावर अडून बसतात.

इथपर्यंत सगळे ठीक वाटले, तर मेकॅनिकला दाखवावे. तो आपला असावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा, आणि त्याला त्याच्या वेळेचे दोनतीनशे रुपये आधी द्यावेत. मोबदला न घेतलेला मेकॅनिक बाजूला उभा राहून ‘चालेल हो’ म्हणतो. मोबदला घेतलेला खाली बसून पाहतो.

हिशेब मांडण्याची पद्धत

माझ्या एका मित्रासाठी आम्ही पुण्यात पाहिलेल्या २०१६ च्या क्रूझचा हिशेब इथे जसाच्या तसा देतो. आकडे त्या वेळच्या आमच्या मेकॅनिकने सांगितलेले आहेत, आपल्या गावात ते कमी-जास्त असतील, म्हणून पद्धतीकडे पाहावे. मागणी ५२,००० रुपयांची होती. विकणाऱ्याने तीन कामे सांगितली होती : बॅटरी, फोर्कचे सील आणि मागचे ब्रेक शू. आम्ही वरीलप्रमाणे तपासल्यावर यादी अशी झाली : मागचा टायर ट्यूबसह ३,२००, चेन-स्प्रॉकेट २,३००, बॅटरी १,७००, कोनसेट ९००, फोर्कचे सील आणि ऑइल १,०००, ब्रेक शू ३५०, केबल ४००, आणि ऑइल, फिल्टर, दोन्ही प्लगसह सर्व्हिसिंग १,३००. बेरीज ११,१५०. म्हणजे सांगितलेली कामे ३,०५० रुपयांची होती आणि खरी त्याच्या साडेतीनपटीहून जास्त. तरीही यात माराचे एकही काम नव्हते आणि चार्जिंग मल्टिमीटरवर १४.१ व्होल्ट दाखवत होते, म्हणून आम्ही सौद्यासाठी थांबलो.

या बेरजेत मी नेहमी चौथा हिस्सा आणखी धरतो, कारण गाडी उघडल्यावर काही ना काही निघतेच. इथे तो सुमारे २,८०० झाला. विमा संपत आला होता. १५० ते ३५० सीसीच्या दुचाकींचा थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता २०२२ च्या दरपत्रकात १,३६६ रुपये आहे, त्यावर कर आणि वैयक्तिक अपघात विमा धरून आम्ही १,९०० लिहिले. नंबर प्लेटचे ५३१. एकूण १६,३८१. नावावर करण्याचा खर्च मात्र या वजाबाकीत धरू नये, कारण तो कोणत्याही जुन्या गाडीला लागणारच आणि त्यासाठी विकणाऱ्याने किंमत कमी करावी असे म्हणणे न्याय्य नाही. त्याच सालच्या, काहीही काम नसलेल्या गाड्या तेव्हा ५८,००० च्या आसपास जात होत्या. त्यातून १६,३८१ गेले, उरले ४१,६१९. आम्ही कमाल किंमत ४१,००० ठरवली आणि कागदावर लिहून ठेवली, कारण गाडी समोर उभी असताना, क्रोमवर ऊन पडलेले असताना, माणसाचा आकडा वर सरकतो. सौद्यात तीच यादी विकणाऱ्यासमोर ठेवली, एकेक काम दाखवले, आवाज चढवला नाही. त्या दिवशी तो ४५,००० च्या खाली आला नाही, आम्ही नमस्कार करून निघालो. आठ दिवसांनी त्याचाच फोन आला.

हिशेबातून आलेली किंमत विकणाऱ्याला पटत नसेल, तर ती गाडी आपली नव्हे असे समजावे. आणि दुरुस्तीसह एकूण खर्च काम नसलेल्या गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर काम नसलेलीच घ्यावी, कारण नवख्याच्या दृष्टीने गॅरेजच्या खेपा आणि गाडीविना गेलेले दिवस हाही खर्चच आहे.

पैसे देताना आणि त्यानंतर

इसार द्यायचा असेल तर थोडा द्यावा, तो ऑनलाइन द्यावा आणि त्याबरोबर गाडीचा क्रमांक, ठरलेली किंमत व तारीख लिहून पाठवावी. उरलेली रक्कम देतानाच गाडी नावावर करण्यासाठी लागणाऱ्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० यांवर मालकाची सही, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि दोन्ही चाव्या घ्याव्यात. सही आरसीवरच्या सहीसारखी आहे का ते पाहावे. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख व वेळ लिहिलेला कागद दोघांनी सह्या करून ठेवावा, म्हणजे त्याआधीचे चलान आणि त्यानंतरचे अपघात यांची जबाबदारी स्पष्ट राहते.

मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची माहिती आरटीओला द्यायची असते. ‘फॉर्म सही करून दिलेत, सवडीने नावावर करा’ असे दोघेही म्हणतात आणि तीन वर्षांनी मालक गाव सोडून गेलेला असतो. विमा कंपनीलाही १४ दिवसांत अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, त्याचाच असतो, तो आपल्याला मिळत नाही, त्यामुळे पॉलिसी आपल्या नावावर होताना फरकाची रक्कम भरावी लागू शकते.

गाडी घरी आणल्यावर लांबच्या प्रवासाचा मोह आवरून आधी टायर आणि ब्रेकची कामे उरकावीत, मग २०-डब्ल्यू-५० दर्जाचे नवे ऑइल आणि फिल्टर टाकून गावाच्या आसपासच पहिले दोनशे किलोमीटर चालवावी. त्या काळात रोज रात्री गाडी उभी केल्यावर इंजिनाखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि सकाळी गाडी काढण्यापूर्वी तो पाहावा. रात्रभरात त्यावर थेंब पडला, तर तो कुठून आला हे पुठ्ठ्यावरच्या जागेवरून मेकॅनिकला लगेच दाखवता येते.